बोका भिंतीवर पिचकारी मारतोय? आधी जागा बघा

सोलापुरात संक्रांत होते, सिद्धेश्वरांची यात्रा उरकते, गड्ड्यावरच्या जत्रेतले पाळणे उतरायला लागतात आणि त्याच सुमारास साखर पेठेतल्या आमच्या गल्लीत रात्री बोक्यांचं ओरडणं सुरू होतं. दिवस मोठा होत गेला की भाट्या, म्हणजे मांजरी, माजावर येतात, त्यांच्या मागावर बोके येतात आणि बोक्यांमागून तो वास येतो. जिन्याच्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीवर, स्कूटरच्या चाकावर. पावसाळ्यात ज्यांनी हौसेनं पिल्लू घरी आणलं, त्यांचे फोन मला याच दिवसांत जास्त येतात. "ताई, आमचा बोका किती स्वच्छ होता. आता सोफ्याला पाठ लावून उभा राहतो आणि मुततो. काय झालंय त्याला?"

आणि बऱ्याचदा लगेच पुढचं वाक्य येतं, "घरातले म्हणतायत, कुठेतरी सोडून या."

त्या पुढच्या वाक्यासाठी हे लिहिते आहे. एमआयडीसीत किंवा विजापूर रोडला नेऊन सोडलेलं घरातलं मांजर तिथे टिकत नाही. गाड्या असतात, कुत्री असतात, आणि त्याला शिकार करून पोट भरायची सवय नसते. ज्या कारणासाठी त्याला घराबाहेर काढलं, ते कारण बहुतेक वेळा महिना-दोन महिन्यांत दूर होण्यासारखं असतं. मी डॉक्टर नाही. अठरा वर्षं घरात मांजरं सांभाळते आहे आणि चुकत-माकत जे कळलं ते क्रमानं सांगते. हा क्रम मोडू नका. लोक थेट धुण्यापासून सुरुवात करतात, दमतात आणि मग मांजरावर राग काढतात.

आधी ठरवा: लघवी की पिचकारी?

मांजर लघवी करतं तेव्हा बसतं. माती उकरतं, मागचे पाय दुमडून खाली टेकतं, एका जागी बरंच मोठं ओलं करतं, मग वळून हुंगतं आणि माती ओढून झाकतं.

पिचकारी मारताना ते बसतच नाही. एकदा डोळ्यांनी पाहिलंत की पुन्हा चूक होणार नाही. आधी ते उभी जागा हुंगतं, दाराची चौकट, कपाटाची कड, पडदा. हुंगताना तोंड जरा उघडं राहतं, वरचा ओठ वर ओढलेला असतो. मग वळतं, त्या जागेला पाठ करतं, शेपूट सरळ उभी करतं. शेपटीचं टोक थरथरायला लागतं. मागचे पाय जागच्या जागी टपटप उचलतं आणि चमचा-दोन चमचे लघवी मागच्या मागे उडवतं. भिंतीवर वीत-दीड वीत उंचीवर डाग पडतो आणि त्याचे ओघळ खाली फरशीपर्यंत येतात. झाकण्याचा प्रयत्न करत नाही, कारण ते झाकायचं नसतंच.

तो मजकूर असतो. "मी इथे आहे, काल रात्री होतो, ही वाट माझी आहे." बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधकाचा अंश असलेलं अमिनो आम्ल असतं, आणि नसबंदी न झालेल्या बोक्यात ते सगळ्यात जास्त. ताजं असताना त्याला स्वतःला फारसा वास नसतो. हवेत ते हळूहळू फुटतं आणि वास चढत जातो. दुपारी पुसलेला कोपरा रात्री पुन्हा का घमघमतो, त्याचं हे कारण.

म्हणून यात सूड नाही. "मी गावाला गेले म्हणून त्यानं माझ्या बॅगेवर राग काढला" असं आपण सहज म्हणतो. पण बॅगेला एसटीचा, दुसऱ्या घरांचा, कदाचित दुसऱ्या मांजराचा वास असतो, आणि त्या परक्या वासावर तो आपला वास चढवतो. नाक जमिनीवर घासणं, चप्पल फेकणं, कोंडून ठेवणं, यानं त्याची भीती वाढते आणि घाबरलेलं मांजर जास्त पिचकाऱ्या मारतं. मारणं आजच थांबवा.

थेंबथेंब करत असेल तर वाट बघू नका

मांजर फरशीवर, बाथरूमच्या मोरीत, गादीवर बसून थोडी थोडी लघवी करत असेल, तर ती पिचकारी नसून बहुधा दुखणं आहे. मूत्राशयाला सूज, लघवीत खडे, म्हाताऱ्या मांजरात मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह. डॉक्टरांकडे जाताना शक्य झालं तर लघवीचा नमुना न्या, तपासणी लवकर होते.

बोक्यांच्या बाबतीत एक गोष्ट पाठ करून ठेवा. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो आणि तो खड्यानं किंवा चिकट गाळानं बंद होऊ शकतो. बोका पुन्हा पुन्हा मातीच्या पेटीत जातो, जोर करतो, ओरडतो, खालची जागा चाटत बसतो आणि बाहेर काहीच येत नाही किंवा रक्ताचा थेंब येतो. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय. त्याला एरंडेल, दूध-तूप पाजत बसू नका. लघवी पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो. रात्र असो, रविवार असो, डॉक्टर शोधून त्याच वेळी निघायचं.

आणि आपल्या घरातली पॅरासिटामॉलची गोळी, अर्धी असो की पाव, मांजराला कधीही देऊ नका. माणसाचं यकृत ती पचवतं, मांजराचं पचवू शकत नाही. त्या एका गोळीनं मांजर मरतं.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा इथे थेट संबंध आहे. मांजर मुळात वाळवंटी प्राण्याच्या वंशातलं, तहान कमी, लघवी घट्ट. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ अंशांवर जातो आणि हा प्राणी पंख्याखाली फरशीवर पसरून दिवस काढतो, पाण्याकडे बघतही नाही. लघवी आणखी घट्ट झाली की मूत्राशयाचे त्रास वाढतात. पाण्याची भांडी दोन-तीन ठेवा, जेवणाच्या ताटलीपासून लांब, पसरट तोंडाची. माझ्याकडचं एक मांजर फक्त माठाखाली ठेवलेल्या ताटलीतलं पाझरलेलं पाणी पितं, म्हणून ती ताटली मी रोज घासते. शिजवलेल्या चिकनचं बिनमिठाचं, बिनकांद्या-लसणाचं पाणी जेवणात घाला. कांदा-लसूण मांजराला विषच आहे. दूध-भाकरीवर मांजर ठेवू नका. ते पूर्ण मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो, तो नसेल तर डोळे आणि हृदय जातं.

नसबंदी

दुखणं नाही, पिचकारीच आहे आणि बोक्याची नसबंदी झालेली नाही, एवढं ठरलं तर पुढचं काम एकच. बाकी उपाय त्यानंतर.

नसबंदी केलेल्या दहा बोक्यांपैकी साधारण नऊ बोक्यांची पिचकारी थांबते किंवा अगदी कमी होते. बऱ्याच जणांत काही आठवड्यांतच, काहींना दोन-चार महिने लागतात, कारण अंगातलं संप्रेरक उतरायला वेळ लागतो आणि सवय सुटायला आणखी थोडा. पहिले काही आठवडे बोका भाटीला गाभण करू शकतो, तेव्हा घरात भाटी असेल तर त्यांना वेगळं ठेवा. भाट्याही पिचकारी मारतात, विशेषतः माजावर असताना. माज सहसा पाच-सात दिवस टिकतो, गाभण राहिली नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतो, आणि प्रत्येक वेळी गल्लीतले चार बोके तुमच्या दाराला सही करून जातात. भाटीची नसबंदी झाली की तुमच्या दारावरची बाहेरची पिचकारीही कमी होते, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

पिल्लू चार ते सहा महिन्यांचं असताना करून घेतलेलं सगळ्यात चांगलं. सवय लागायच्या आत काम होतं. "एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत" हे आपल्याकडे फार ऐकू येतं. त्याला वैद्यकीय आधार नाही. "नसबंदी केली की बोका मेंगळट होतो" हेही ऐकू येतं. तो खेळतो, उंदीर पकडतो, कुशीत झोपतो. वजन मात्र वाढू शकतं, तेव्हा खाणं मोजून द्या.

बोक्याचं ऑपरेशन छोटं असतं, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी येतो. भाटीचं पोट उघडावं लागतं, टाके असतात, दहा-बारा दिवस जपावं लागतं. ऑपरेशनआधी किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टर सांगतील तसंच करा, लहान पिल्लाला फार वेळ उपाशी ठेवायचं नसतं. घरी आणल्यावर जखमेत माती जाऊ नये म्हणून काही दिवस पेटीत वर्तमानपत्राचे तुकडे घाला. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली कोनाची कॉलर डॉक्टर सांगेपर्यंत काढू नका, कितीही केविलवाणं पाहिलं तरी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जखम चिघळू नये म्हणून मी दिवाळीनंतरच्या थंडीत नसबंदी करून घेते. पण बोका आधीच पिचकारी मारत असेल तर थंडीची वाट बघत बसू नका.

आता जागा बघा

नसबंदीनंतरही साधारण दहांतला एक बोका पिचकारी मारत राहतो. वीस भाट्यांमागे एखादी. माझा बंड्या त्यातलाच. रस्त्यावरून आला तेव्हा अडीच वर्षांचा, सवय मुरलेली. नसबंदीनंतर रोजची पिचकारी आठ-दहा दिवसांतून एकदा झाली आणि तिथेच अडकली. मी धुवत होते, तो मारत होता.

आमच्या डॉक्टरांनी एक काम सांगितलं: भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोजच्या चौकटीत लिहा. कुठे, किती वाजता, घरात त्या दिवशी काय वेगळं घडलं. दीड महिना लिहिलं. मग एकदा सगळ्या चौकटी एकत्र वाचल्या आणि दिसलं की पिचकारी शनिवारी रात्री किंवा रविवारीच असते आणि नेहमी पुढच्या खोलीतल्या एकाच भिंतीकडे.

शनिवारी माझे दीर अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून चादरींचे गठ्ठे आणून त्या भिंतीला लावतात. सोमवारी ते दुकानांना जातात. मी कारखान्यात गेले. मागांच्या खडखडाटात, कांड्यांच्या पेटाऱ्याशेजारी, तयार गठ्ठ्यांवर एक जाडजूड पिवळा बोका झोपला होता. गठ्ठ्यांच्या बारदानाच्या खालच्या कोपऱ्यांना फिकट पिवळे, कडक झालेले डाग होते. हाताला ते खळ लावल्यासारखे लागले. दर शनिवारी आम्ही एका अनोळखी बोक्याची सही घरात आणून बंड्याच्या भिंतीला टेकवत होतो, आणि तो त्यावर उत्तर लिहीत होता.

बारदान दाराबाहेरच काढायला सुरुवात केली, चादरी लोखंडी कपाटात बंद, आणि कारखान्यातल्या बोक्याचीही नसबंदी करून घेतली. बंड्याची पिचकारी थांबली. कारखान्यातल्या विणकर मावशी त्या पिवळ्याला तेलुगूत "पिल्ली, पिल्ली" म्हणून हाक मारतात. तेलुगूत पिल्ली म्हणजे मांजर. आमच्या घरातल्या मुलांना ते इतकं आवडलं की आता बंड्यालाही तीच हाक.

तुमच्या घरात जागा काय सांगते ते असं वाचा.

दार, खिडकी, गॅलरी यांच्या आसपास पिचकारी असेल तर कारण बाहेर आहे. बाहेरचं मांजर दिसतंय किंवा त्याचा वास आत येतोय. पेठांमध्ये घरं एकमेकांना टेकलेली, पत्र्यावरून पत्र्यावर बोके फिरतात, त्यामुळे सोलापुरात हे फार. खिडकीच्या जाळीच्या खालच्या अर्ध्या भागाला दुधी कागद चिकटवा, बाहेरचं दिसणं बंद होतं. दाराखालच्या फटीला पट्टी लावा. रस्त्यावरच्या मांजरांना खाऊ घालत असाल तर ते पुण्याचं काम सोडू नका, फक्त ताटली उंबऱ्याजवळून हलवून गल्लीच्या टोकाला न्या. बाहेरच्या बोक्यानं तुमच्या दारावर मारलेली पिचकारीही धुवा. ती तशीच राहिली तर आतला बोका आतून उत्तर देत राहतो.

बॅगा, चप्पल, नवं फर्निचर, बाजारातून आणलेल्या पिशव्या यांच्यावर असेल तर कारण परका वास. चपला बंद कप्प्यात, पिशव्या वर. नवी वस्तू दोन-तीन दिवस त्याच्या अंथरुणाची जुनी चादर टाकून झाकून ठेवा.

खोल्यांच्या मधल्या बोळात, आतल्या दारांच्या चौकटींवर, जिन्यात असेल तर घरातल्याच मांजरांचं एकमेकांशी पटत नाहीये.

एकाच माणसाच्या कपड्यांवर किंवा अंथरुणावर असेल तर त्या माणसाच्या वेळापत्रकात काय बदललं ते बघा. कामाची नवी पाळी, लग्न, बाळंतपण, शिक्षणासाठी पुण्याला जाणं. पण गादीवर सहसा बसून लघवी होते, म्हणून तिथे आधी दुखण्याची तपासणी.

आणि घरभर कुठेही, अचानक सुरू झालं असेल तर घर आठवा. दिवाळीआधी रंग दिला का? मांजर गाल घासून कोपऱ्या-कोपऱ्याला आपला शांतवणारा वास लावून ठेवतं, रंगानं तो सगळा पुसला जातो. यात्रेचं शोभेचं दारूकाम, लग्नाची वरात, जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये घर बदलणं, पाहुण्यांची वर्दळ, यांतलं काहीही पुरेसं असतं.

धुणं

जुने डाग शोधायला नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची टॉर्च घ्या. रात्री दिवे बंद करून भिंतीच्या खालच्या दोन फुटांवर फिरवा. लघवीचे डाग फिकट चमकतात. पहिल्यांदा पाहाल तेव्हा धक्का बसेल, कारण तुम्हाला दोन जागा माहीत असतात आणि निघतात सात. खडूनं गोल करून ठेवा.

फिनाइल वापरू नका. ही माझ्या घरातली चूक आहे म्हणून कळकळीनं सांगते. मी काळं फिनाइल ओतून कोपरा घासला, बंड्या त्यावरून चालला, पंजे चाटले आणि तासाभरात त्याच्या तोंडातून लाळेची तार लागली, उलट्या झाल्या. वेळेत दवाखान्यात नेला म्हणून वाचला. फिनॉल जातीचं रसायन मांजराचं यकृत बाहेर टाकू शकत नाही. अमोनिया असलेले क्लीनरही नकोत, त्यांचा वास लघवीच्याच जातीचा, मांजर तिथे पुन्हा येणार. ब्लीचिंग तर लघवीवर अजिबात ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी मिसळून त्यातून विषारी वायू निघतो, बंद मोरीत तो तुम्हालाही भोवेल.

मग काय वापरायचं? लघवीतले यूरिक आम्लाचे कण नुसत्या पाण्यात विरघळत नाहीत, ते तोडायला एन्झाइम लागतात. पाळीव प्राण्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन एन्झाइम क्लीनर मिळतो. तो महाग वाटला तर कपडे धुण्याची पावडर चालते, फक्त पाकिटावर एन्झाइम लिहिलेलं बघून घ्या. एक भाग पावडर, नऊ भाग कोमट पाणी. आपल्याकडे नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून बादल्या ओतत बसायची पद्धत परवडत नाही आणि गरजही नाही. ताजा डाग असेल तर आधी जुन्या टॉवेलनं दाबून टिपा, चोळू नका. द्रावणात भिजवलेलं कापड डागावर थापून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. ओघळ जिथवर गेला असेल तिथवर, फरशीच्या सांध्यासकट. मग साध्या ओल्या फडक्यानं दोनदा पुसा, वाळू द्या आणि शेवटी मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सर्जिकल स्पिरिटचा हात फिरवा. स्पिरिट उडून जाईपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत, आणि जवळ गॅस किंवा उदबत्ती पेटती नको.

व्हिनेगर बरेच जण सुचवतात. टाइल्सवर निम्मं पाणी घालून ठीक आहे. पण आपल्याकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते, ओट्याला कडप्पा. दोन्ही चुनखडीचे दगड. व्हिनेगरनं त्यांचा वरचा थर खाल्ला जातो, फरशी पांढुरकी आणि खरखरीत होते आणि मग पुढची लघवी आणखी आत मुरते. त्या फरशीवर फक्त पावडरचं द्रावण.

चुन्याची किंवा डिस्टेंपरची भिंत वास पिऊन घेते. धुऊन, पूर्ण वाळवून, मग खालच्या दोन-तीन फुटांना ऑइल पेंटचा पट्टा मारून घ्या. पुढे पुसणं सोपं जातं.

चादरी, पडदे, टॉवेल थंड पाण्यात आधी खळखळून काढा, मग त्याच पावडरच्या द्रावणात तासभर भिजवा. सोलापुरी चादर जाड, तिच्या विणीत लघवी खोल जाते, तेव्हा एकदा धुऊन वास न गेल्यास पुन्हा भिजवा. गडद रंगाची नवी चादर असेल तर आधी एका कोपऱ्यावर रंग जातो का ते बघा. वास पूर्ण गेल्याशिवाय गरम पाणी आणि इस्त्री नको, उष्णतेनं डाग आणि वास धाग्यात बसतो. मग गच्चीवर कडक उन्हात दोन दिवस. ते ऊन आपल्याकडे फुकट आणि भरपूर आहे.

धुतल्यावर जागेचा अर्थ बदला. मांजर जिथे जेवतं, झोपतं, नखं घासतं तिथे सहसा पिचकारी मारत नाही. त्या कोपऱ्यात खाण्याची ताटली ठेवा. किंवा बाजेच्या पायाला सुतळी घट्ट गुंडाळून, जुनं पोतं बांधून नखं घासायला जागा करा. सुतळीची टोकं आत दाबून टाका. लोंबता दोरा मांजर गिळतं आणि तो आतड्यात अडकतो. ज्यांच्या घरी माग आहेत त्यांनी सुताच्या बाबतीत हे आवर्जून लक्षात ठेवावं. आणखी एक साधी गोष्ट: स्वच्छ सुती रुमाल मांजराच्या गालांवर, हनुवटीखाली हलक्या हातानं फिरवा आणि तोच रुमाल त्या कोपऱ्यावर त्याच्या नाकाच्या उंचीवर पुसा, रोज एकदा. गालाच्या वासावर ते सहसा पिचकारी मारत नाही. मांजराच्या या गालाच्या वासासारखं रसायन (फेरोमोन) हवेत सोडणारे, प्लगला लावायचे डिफ्यूझर याच तत्त्वावर चालतात. काही मांजरांना गुण येतो, काहींना नाही.

मातीची पेटी

मांजरं जितकी, पेट्या त्याहून एक जास्त, आणि सगळ्या एका ओळीत नकोत. एका ओळीतल्या तीन पेट्या मांजराच्या लेखी एकच. पेटी मांजराच्या लांबीच्या दीडपट हवी. दुकानातल्या बहुतेक पेट्या लहान पडतात. मी प्लास्टिकचं मोठं पसरट घमेलं वापरते. माती दोन-तीन इंच, बिनवासाची. गोळे होणारी तयार माती सगळ्यात सोयीची. परवडत नसेल तर चाळलेली बारीक वाळू किंवा सुताराकडचा लाकडी भुसा चालतो, फक्त भुसा रंग-पॉलिश न लागलेला हवा. घाण रोज दोनदा काढायची. जेवणाची ताटली आणि पेटी लांब, आणि पेटीकडे जायच्या वाटेत वॉशिंग मशीन, मोटार असं काही अचानक घरघरणारं नको. घरात कुणी गरोदर असेल तर पेटी दुसऱ्यानं आणि रोज साफ करावी. टोक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूचा धोका विष्ठेतून असतो आणि विष्ठा एक दिवसाहून जास्त पडून राहिली की वाढतो.

दोन-तीन मांजरं असतील तर

सगळं वेगळं वेगळं ठेवा. ताटल्या वेगळ्या खोल्यांत, झोपायला उंच जागा प्रत्येकाला एक. कपाटाच्या माथ्यावर जुनी चादर टाकली तरी पुरे. नवं मांजर आणलं तर पहिला आठवडा तरी बंद खोलीत, दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांच्या ताटल्या, अंथरुणांची अदलाबदल, मग फटीतून दर्शन. घाई केलीत तर पहिल्या दिवशीची एक मारामारी पुढे कित्येक महिने पुरते.

शेजारी

पेठेत एका जिन्यावर चार बिऱ्हाडं असतात आणि वास भिंत बघत नाही. तक्रार यायच्या आत आपणच जाऊन सांगावं, "काकू, बोक्याची नसबंदी करून घेतली आहे, महिनाभर वास राहील, जिना मी रोज धुते." आणि खरंच धुवावा. एवढ्यानं माणसं सांभाळून घेतात. विषाची, पोत्यात घालून सोडण्याची भाषा कानावर आली तर गप्प बसू नका. प्राण्यांना क्रूरपणे वागवणं १९६०च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, हे नम्रपणे पण स्पष्ट सांगा.

दोन-तीन महिने सगळं करूनही थांबलं नाही तर

पुन्हा डॉक्टर, आणि बरोबर ती दिनदर्शिका न्या. बोका नसबंदी झालेला म्हणून आला असेल आणि खात्री नसेल तर तसं सांगा. कधीकधी एक अंड पोटातच राहिलेलं असतं आणि संप्रेरक चालूच राहतं. सगळं नीट असेल तर फ्लुओक्सेटिनसारखं काळजी कमी करणारं औषध डॉक्टर देऊ शकतात. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. मात्रा वजनावर ठरते, म्हणून माणसाच्या गोळीचे तुकडे करून घरी प्रयोग नको, आणि गुण आला म्हणून स्वतःहून एकदम बंदही करायचं नाही, हळूहळू उतरवायचं असतं. गोळी उकडलेल्या चिकनच्या तुकड्यात लपवून द्या, त्याआधी एक रिकामा तुकडा आणि नंतर लगेच एक रिकामा तुकडा. मधला तुकडा मांजर हुंगायला थांबत नाही.